जुन्या टर्नटेबलवर मॅट आणि रेकॉर्ड वेट: कुठं वापरायचं, कुठं अजिबात नाही

जुनं टर्नटेबल घरी आलं की पहिला मोह होतो तो रेकॉर्डच्या मध्यावर ठेवायच्या त्या चकचकीत पितळी वजनाचा, म्हणजे रेकॉर्ड वेटचा. दिसतं भारी, फोटोत अजूनच भारी, आणि विकणारा सांगतो की बेस घट्ट होतो, आवाज मोकळा होतो, स्पीड स्थिर होतो वगैरे वगैरे. त्यातलं थोडं खरं आहे, थोडं नाहीये, आणि काही मशीनवर तर ते वजन ठेवणं म्हणजे धडधाकट बेअरिंगला विनाकारण ताप देणं. माझं मत विचाराल तर बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. आधी मशीन कुठल्या जातीचं ते ओळखा, मग बेअरिंग बघा, मग मॅट, म्हणजे रेकॉर्डखालची चकती, मॅट बदलली की आर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) उंची बिघडते ती सरळ करा, आणि वेट सगळ्यात शेवटी, तेही गरज असेल तर. त्याच क्रमाने लिहितोय.

मशीन ओळखा

प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर), स्पिंडलच्या (मधल्या खुंटीच्या) अगदी जवळ, एका बोटाने हलकं दाबून बघा. प्लॅटर आर्मसकट खाली जाऊन हळूच वर-खाली डोलला तर तुमचं मशीन स्प्रिंगवर लटकवलेलं आहे. या जातीचा मूळपुरुष म्हणजे एडगर विलचुर यांचं १९६१ चं एआर टर्नटेबल, त्यानंतर थॉरेन्स टीडी १५०, टीडी १६०, लिन सॉन्डेक एलपी१२ ही सगळी त्याच वळणाची. यात प्लॅटर आणि आर्म दोन्ही एकाच सब-चॅसीवर, म्हणजे आतल्या लटकत्या चौकटीवर, बसलेले असतात, ती सब-चॅसी तीन स्प्रिंगांवर, आणि मोटर मात्र बाहेर मुख्य चॅसीला घट्ट. आता यावर अर्धा किलोचं वजन ठेवलं तर काय होणार? स्प्रिंगांवरचं एकूण ओझं पाच किलोच्या आसपास धरलं तर दहा टक्के ओझं वाढलं, आणि साधारण चार हर्ट्झला डोलणारी स्प्रिंग असेल तर ती दीड मिलिमीटरने बसणार. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण मोटरची पुली जागेवरच राहते आणि बेल्ट ज्यावर धावतो तो आतला प्लॅटर तेवढा खाली जातो, त्यामुळे बेल्ट वेगळ्या उंचीवर धावायला लागतो, शिवाय आर्मच्या बाजूची स्प्रिंग आणि इतर दोन यांच्यावरचा भार सारखा नसल्याने सब-चॅसी किंचित तिरकी होते. म्हणजे ज्या डोलण्यासाठी ते मशीन एवढं नावाजलं गेलं तेच बिघडवून ठेवलं. तर या जातीवर वजन नको. फारच वाटलं तर स्पिंडलला चिमटा घेणारा हलका प्लॅस्टिकचा क्लॅम्प, जो जेमतेम काही ग्रॅमचा असतो, तो चालतो.

दाबल्यावर प्लॅटर ढिम्म राहिला तर तुमचं मशीन कडक बेअरिंगवालं. यात डायरेक्ट ड्राइव्ह आले, म्हणजे बेल्टशिवाय मोटर थेट प्लॅटर फिरवते ती, उदाहरणार्थ टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ जे १९७९ ला आलं. त्याच्या मोटरचा स्टार्टिंग टॉर्क १.५ किलो-सेंटिमीटर, ०.७ सेकंदात पूर्ण स्पीड पकडतो, अशा मोटरला तीनचारशे ग्रॅमचं काही वाटत नाही. यातच आयडलर व्हीलवाले, म्हणजे मधल्या रबरी चाकाने प्लॅटर फिरवणारे दणकट गडीही आले, गॅरार्ड ३०१ आणि ४०१, लेंको एल७५, थॉरेन्स टीडी १२४. यांच्यावर मध्यम वजन चालतं.

आणि तिसरी जात, जी आपल्याकडे माळ्यावरून सगळ्यात जास्त खाली उतरते: एचएमव्हीचे सुटकेससारखे फिएस्टा-कॅलिप्सो प्लेअर, रेडिओग्रामच्या पोटातले बीएसआर किंवा गॅरार्डचे चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप टाकणारे. पत्र्याचा हलका प्लॅटर, छोटी मोटर, रबरी चाक. इथं वेटचा विचारही करू नका. चेंजरमध्ये अजून एक भानगड असते, बऱ्याच मॉडेल्समध्ये मधला स्पिंडल प्लॅटरबरोबर फिरतच नाही, स्थिर उभा असतो. त्यावर क्लॅम्प घट्ट केला तर तो रेकॉर्डला ब्रेक लावतो आणि लेबल घासून काढतो. तुमच्याकडे नक्की काय आहे हे बघायला स्पिंडलच्या डोक्यावर पेन्सिलने एक रेघ मारा आणि मशीन चालू करा, रेघ फिरली तर ठीक.

बेअरिंग आणि स्पीड, वजनाच्या आधी

पन्नास वर्षांच्या मशीनमधलं तेल एकतर वाळून गोंद झालेलं असतं किंवा गायब. प्लॅटरचा सगळा भार बेअरिंगच्या तळाशी एका टिचभर जागेवर येतो, बहुतेक ठिकाणी स्टीलचा छोटा गोळा आणि त्याखाली थ्रस्ट पॅड, म्हणजे भार झेलणारी चकती. त्या पॅडला खड्डा पडलेला असेल आणि वरून तुम्ही अजून अर्धा किलो ठेवलं तर खड्डा वाढणार, एवढा साधा हिशोब आहे. बेल्टवालं मशीन असेल तर बेल्ट काढा, प्लॅटर हाताने फिरवा आणि सोडून द्या. तो निवांत बराच वेळ फिरत राहिला पाहिजे आणि शेवटी हळूहळू थांबला पाहिजे, गचका देऊन नाही. कडेला धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखड जाणवली तर बुशिंग (बेअरिंगची आतली नळी) झिजलंय. जुनं तेल पुसून काढून कंपनीने सांगितलेलं तेल घाला, ते मिळत नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल बऱ्याच छोट्या बेअरिंगना चालतं, पण गॅरार्ड ३०१ सारख्या जड प्लॅटरच्या मशीनला काय लागतं ते त्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच ठरवा, त्यातही ग्रीसचं बेअरिंग आणि तेलाचं बेअरिंग असे दोन प्रकार आहेत.

स्पीड बघायला स्ट्रोब डिस्क लागते, म्हणजे रेघांची गोल चकती, स्पीड बरोबर असला की विजेच्या दिव्यात तिच्या रेघा स्थिर दिसतात, कागदावर छापून घेतली तरी चालते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघांची. अडचण अशी की हल्लीचे बरेच एलईडी बल्ब लुकलुकत नाहीत, त्यामुळे रेघा स्थिर दिसायला हव्यात त्या दिसतच नाहीत. त्यावर उपाय घरातच आहे, इलेक्ट्रिशियनचा निऑन टेस्टर. खोलीत अंधार करा, टेस्टर सॉकेटमध्ये धरा आणि त्या केशरी उजेडात डिस्क बघा. तेवढ्यासाठी वायर लांबवण्याचे उद्योग मात्र करू नका, एक्स्टेन्शन बोर्ड जवळ आणा. आता जे वाचन येईल ते लिहून ठेवा, पुढं वेट ठेवल्यावर परत हेच बघायचंय.

जाता जाता: अमेरिकेहून कुणी काकांनी आणलेलं सिंक्रोनस मोटरचं (जिचा स्पीड विजेच्या हर्ट्झवर ठरतो) एआर किंवा थॉरेन्स असेल आणि गाणं रेंगाळत असेल तर दोष बेअरिंगचा नाही. ते ६० हर्ट्झचं मशीन आहे, आपल्याकडे ते ३३⅓ ऐवजी २७.८ ने फिरणार, आणि २२० चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, पुली बदलावी लागते.

मॅट: खरा फरक इथं पडतो

प्लॅटरवर नखाने किंवा चमच्याच्या टोकाने टिचकी मारा, मॅट काढून. डाय-कास्ट अॅल्युमिनियमचा असेल तर टिंग्ग करून वाजतो. सुई खोबणीतून जाते तेव्हा ती जशी हलते तशीच रेकॉर्डलाही हलवते, ती थरथर खाली प्लॅटरमध्ये जाते, प्लॅटर वाजतो आणि तीच वाजणी थोड्या वेळाने परत सुईकडे येते. मॅटचं काम दोन: रेकॉर्डला सगळीकडून टेकू देणं आणि ही ये-जा मारणं. म्हणून "सगळ्यात चांगली मॅट कोणती" हा प्रश्नच अर्धवट आहे, प्लॅटर कशाचा आहे ते आधी सांगा.

रबर. वाजणाऱ्या धातूच्या प्लॅटरला जाड रबर हेच योग्य, आणि जपानी कंपन्यांनी सत्तरच्या दशकात ते विचार करूनच दिलेलं होतं. तुमच्या मशीनची मूळ मॅट जिवंत असेल तर ती फेकायची घाई करू नका. मॅट दगडासारखी कडक झालीय का, वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात का, कडा वर उचलल्यात का, एवढं बघा. यातलं काही नसेल तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, सावलीत सपाट ठेवून वाळवणं, झालं काम. थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावू नका, आणि टायर पॉलिश तर नकोच, त्यातला सिलिकॉनचा थर रेकॉर्डवर येतो.

फेल्ट म्हणजे लोकरीच्या कापडासारखी. रेगा प्लॅनर ३ ने काचेच्या प्लॅटरवर फेल्ट दिली, तिथं ती शोभते. पण स्टॅटिक! नागपूर, संभाजीनगरच्या कोरड्या हिवाळ्यात रेकॉर्ड उचलली की मॅट तिला चिकटून वर येते आणि मग सुईच्या डोक्यावर लोंबकळते. मुंबई-कोकणात हवेत ओल असल्याने हा त्रास बराच कमी. डीजे लोक वापरतात ती स्लिपमॅट याच घराण्यातली, पण ती रेकॉर्ड घसरावी म्हणूनच बनवलेली असते, ऐकण्यासाठी ती घेऊ नका.

कॉर्क स्वस्त, हलकं, स्टॅटिक नाही, पण कणी सुटतात आणि सुईला कचरा चिकटतो. कॉर्क-रबर मिश्र शीट, जी गॅस्केटसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती त्यापेक्षा कितीतरी बरी. चामडं मला स्वतःला फार आवडतं, पातळ प्लॅटरवर आवाज मऊ करतं पण झोपवत नाही, स्टॅटिक शून्य. अॅक्रिलिक हा कडक पदार्थ, त्याचं म्हणणं असं की व्हिनाइलच्या जवळचा गुणधर्म असल्याने थरथर सरळ खाली निघून जाते, पण जुन्या वाजणाऱ्या प्लॅटरवर नुसतं अॅक्रिलिक ठेवून काही होत नाही आणि रेकॉर्ड घसरते. तांब्याच्या मॅटचा एक काळ होता, मायक्रो सैकीची सीयू-१८० तर १.८ किलोची! मूळचा प्लॅटर भक्कम आणि बेअरिंग त्या तोलाचं असेल त्यांनीच त्या वाटेला जावं.

एक धोका इथंच सांगून ठेवतो. थॉरेन्स टीडी १२४ च्या पहिल्या आवृत्तीचा प्लॅटर ओतीव लोखंडाचा आहे, आणि बऱ्याच स्वस्त चेंजरचे प्लॅटर लोखंडी पत्र्याचे. मूव्हिंग कॉइल प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली आर्मच्या टोकाची डबी) तगडे चुंबक असतात, जाड मॅट काढून पातळ टाकली की कार्ट्रिज लोखंडाच्या जवळ जाते आणि खेचली जाते, तुम्ही काट्यावर २ ग्रॅम लावलेला दाब प्रत्यक्षात जास्त पडतो. प्लॅटरला फ्रिजचं चुंबक चिकटतंय का बघा. चिकटलं तर मॅट जाडच ठेवा.

लेबलचा खळगा

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग वेटचा काही उपयोग होत नाही म्हणून कुरकुरतात. एलपीचा मधला लेबलचा भाग आणि बाहेरची कड हे दोन्ही खोबणीच्या भागापेक्षा जाड असतात, रेकॉर्ड एकावर एक पडल्या तर खोबणीला खोबणी घासू नये म्हणून. लेबल १०० मिमी व्यासाचं. आता पूर्ण सपाट मॅटवर अशी रेकॉर्ड ठेवली तर ती फक्त मध्ये आणि कडेला टेकते, ज्या भागात गाणं आहे तो अधांतरी! वर कितीही वजन ठेवा, वजन लेबलमधून सरळ मॅटमध्ये जातं, खोबणीचा भाग जिथल्या तिथं.

म्हणून मॅटच्या मध्ये साधारण १०२ मिमी व्यासाचा उथळ खळगा हवा. किती उथळ? अर्धा ते एक मिमी पुरे. दोन मिमीचा खळगा केला आणि वर जड वेट ठेवलं तर लेबल खाली दबतं आणि बाहेरची कड वर उचलली जाते, म्हणजे सपाट रेकॉर्डची तुम्ही स्वतः बशी केली. हे तपासायला रेकॉर्डची कड डोळ्याच्या पातळीवर आणून बघा, वेट ठेवताना आणि काढताना कड हलते का. हलली तर खळगा खोल आहे किंवा वजन जास्त आहे.

घरी मॅट कापायची असेल तर

आधी प्लॅटरचा वरचा सपाट भाग मोजा, काहींना कडेला उंचवटा असतो, मॅट त्याच्या आत बसली पाहिजे. बहुतेक ठिकाणी २९० ते २९५ मिमी व्यास चालून जातो. दोन थर करा: खालचा थर पूर्ण गोल, वरचा थर एक मिमीच्या आत जाडीचा आणि मध्ये १०२ मिमीचं भोक असलेला. कंपास नसेल तर पट्टीला एका टोकाला खिळा आणि हव्या त्या अंतरावर पेन्सिलीचं भोक, झाला कंपास. कापायला नवीन ब्लेडचा कटर घ्या आणि एका दमात आरपार कापायचा हट्ट नको, तीन-चार हलक्या फेऱ्या मारा. मधलं भोक ७.५ मिमी, चामड्याला भोक पाडायचा पंच चांभाराकडे असतो, एका मिनिटाचं काम. थर चिकटवायला रबर सोल्यूशनचा अगदी पातळ हात, गाठी राहिल्या तर त्या रेकॉर्डखाली उंचवटा होऊन बसतात. चामडं घेणार असाल तर धारावीत कातड्याची दुकानं आहेतच, दीड-दोन मिमीचं, सगळीकडे सारख्या जाडीचं निवडा, पोटाकडचं कातडं जाडीला कमीजास्त असतं, पाठीकडचं मागा. खडबडीत बाजू वर की गुळगुळीत यावर लोक भांडतात, मी गुळगुळीत वर ठेवतो कारण पुसायला सोपी आणि तंतू सुटत नाहीत.

मॅट बदलली, आता आर्म

पाच मिमीचं रबर काढून दीड मिमीचं चामडं टाकलं की रेकॉर्ड साडेतीन मिमी खाली गेली. नऊ इंची आर्मची सुईपर्यंतची लांबी साधारण २३० मिमी धरली तर चार मिमीला सुईचा कोन जवळपास एक अंशाने बदलतो. साध्या गोल टोकाच्या सुईला ते फारसं कळत नाही, इलिप्टिकलला थोडं, आणि बारीक घडवलेल्या फाइन लाइन वगैरे सुयांना नक्की कळतं. त्यामुळे मॅट बदलल्याबरोबर जो फरक ऐकू येतो तो मॅटचा की आर्म तिरका झाल्याचा हे ठरवता येत नाही, आणि अर्ध्या लोकांची मॅटबद्दलची मतं अशीच बनलेली आहेत.

टेक्निक्स १२०० ला आर्मच्या पायथ्याशी उंचीचं रिंगण आहे, ० ते ६ मिमी, लॉक सोडा, फिरवा, परत लॉक करा. रेगाच्या आर्मला असं काही नाही, तिथं पायाखाली स्पेसर घालून उंची वाढवता येते पण कमी करता येत नाही. गॅरार्ड-ड्युअलच्या बऱ्याच मॉडेल्सना तीही सोय नाही, अशा मशीनवर सरळ नियम ठेवा की नवीन मॅट मूळ मॅटच्या जाडीचीच असेल, फार तर अर्धा मिमी इकडंतिकडं.

उंची बघायला सुई रेकॉर्डवर टेकवा, मोटर बंद, आर्मच्या मागं आडव्या रेघांचा कागद उभा धरा आणि आर्मची नळी रेघेला समांतर आहे का बघा. मग सुईचा दाब परत मोजा, आणि काटा मॅटवर नाही तर रेकॉर्डच्या उंचीला येईल असा ठेवून मोजा. ऑटोमॅटिक मशीन असेल तर आर्म उचलायची उंची पण बघा, जाड मॅटवर रेकॉर्ड वर आली तर आर्म परत जाताना सुई घासत जाते.

वेट काय करतं आणि काय नाही

"वजनाने स्पीड स्थिर होतो" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. हिशोब करून बघू. फिरत्या वस्तूची जडता वजनावर आणि मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. दोन किलोचा ३० सेमीचा एकसारखा गोल प्लॅटर धरला तर आकडा येतो २,२५,००० ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर. चारशे ग्रॅमचं आठ सेमी व्यासाचं वेट: ३,२००. म्हणजे दीड टक्काही नाही. आणि गंमत म्हणजे १४० ग्रॅमची रेकॉर्ड स्वतः १५,७५० देते, वेटच्या जवळपास पाचपट! तर स्पीडचा मुद्दा सोडून द्या. स्पीड डळमळत असेल तर बेल्ट, आयडलर, मोटर, तेल इकडं बघा.

उलट रेकॉर्डच्या कडेवर बसणारी ती मोठी रिंग, सातशे ग्रॅमची जरी धरली तरी प्लॅटरच्या जडतेच्या सत्तर टक्क्यांहून जास्त भर घालते. ऐकायला छान वाटतं पण जुन्या मोटरला आणि बेल्टला प्रत्येक स्टार्टला ते ओढायचंय, आणि सुई पहिल्या खोबणीवर उतरवताना रिंगला धडकायची भीती वेगळीच. जुन्या मशीनवर रिंग नकोच, ऑटोमॅटिकवर तर प्रश्नच येत नाही.

वेटचा खरा उपयोग तीन ठिकाणी. रेकॉर्ड मॅटवर घसरत असेल तर. रेकॉर्डचा मध्य वर फुगलेला असेल तर. आणि लेबलजवळचा भाग मॅटला नीट चिकटून त्याची थरथर मॅटने खावी म्हणून. घसरतेय का ते बघायला लेबलवर आणि मॅटच्या कडेला एका रेषेत छोटे स्टिकर लावा, कार्बन फायबर ब्रश टेकवून आठ-दहा फेऱ्या फिरवा, स्टिकर रेषेतच राहिले तर तुमची रेकॉर्ड घसरत नाहीये.

मधलं भोक सैल असल्याने किंवा मध्याबाहेर पाडल्याने स्वर लाटेसारखा वर-खाली होतो, त्याला वेट काही करू शकत नाही. उलट सैल भोकाची रेकॉर्ड हाताने सरकवून मध्यावर आणली असेल तर तिथं ती धरून ठेवायला वेट कामाला येतं, तेवढंच.

किती वजन, केवढं, कुठून

कडक बेअरिंगच्या चांगल्या अवस्थेतल्या मशीनवर २०० ते ४०० ग्रॅम. ऑडिओ-टेक्निकाचा एटी६१८ स्टॅबिलायझर ६०० ग्रॅमचा आहे आणि तो त्याच काळातल्या दणकट जपानी मशीनांवर वापरला गेलाय, पण तुमच्या बेअरिंगचा इतिहास तुम्हाला माहीत नसताना मी तिथपर्यंत जाणार नाही. किलोचं वगैरे विसरा.

व्यासाचं गणित महत्त्वाचं. एलपीची शेवटची बंद खोबणी मध्यापासून साधारण ५३ मिमीवर. हेडशेलची (कार्ट्रिज ज्याला लावतात त्या आर्मच्या टोकाच्या भागाची) आतली अर्धी रुंदी आठ-दहा मिमी, म्हणजे हेडशेलची आतली कड ४३ मिमीपर्यंत येते. वेटची त्रिज्या ४० मिमीच्या आत हवी, म्हणजे व्यास ८० पेक्षा कमी, ७५ घेतला तर निर्धास्त. पहिल्यांदा ठेवल्यावर मोटर बंद ठेवून आर्म हाताने शेवटच्या खोबणीपर्यंत न्या आणि मोकळी जागा डोळ्यांनी बघा. झाकण बंद करून ऐकत असाल तर झाकण वेटला लागतंय का तेही.

लेथवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर सोपं आहे. पितळ साधारण ८.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, तेव्हा ७५ मिमी व्यास आणि १० मिमी जाडी म्हणजे ३७५ ग्रॅम, ६० मिमी व्यास आणि १५ मिमी जाडी म्हणजे ३६०. अॅल्युमिनियम घेतलं तर ७५ बाय २० चं २४० ग्रॅमच्या आत बसतं आणि खिशालाही बरं. त्याला सांगायच्या गोष्टी: भोक ७.३ ते ७.४ मिमी आणि बरोब्बर मध्यावर, बाहेरची बाजू आणि भोक एकाच सेटिंगमध्ये कापायचं म्हणजे डुगडुगणार नाही, स्पिंडल जेवढा वर येतो त्यापेक्षा भोक खोल, आणि खालची बाजू मध्ये किंचित कोरलेली, म्हणजे वेट लेबलच्याच कडेकडच्या भागावर टेकेल, स्पिंडलच्या भोकाजवळच्या खरबरीत कडेवर नाही. खाली एक मिमी फेल्ट किंवा चामड्याची रिंग चिकटवा, नाहीतर जुन्या लेबलवर गोल वळ उठतात. लोखंड घेऊ नका, गंजतं, आणि चुंबकाजवळ लोखंड न्यायची गरज काय.

ठेवायची पद्धत: मोटर बंद, प्लॅटर थांबलेला, दोन्ही हातांनी सरळ खाली. फिरत्या प्लॅटरवर वेट टाकायची स्टाइल व्हिडिओत चांगली दिसते, पण स्पिंडलला बसणारे ते आडवे धक्के बेअरिंगच्या बुशिंगमध्ये जमा होतात.

वाकलेल्या रेकॉर्ड

आपल्याकडे हा रोजचा विषय. चोर बाजार किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेल्या रेकॉर्डने किती मे महिने कुठल्या माळ्यावर काढलेत कुणाला ठाऊक. सपाट काचेवर ठेवून बघा. मध्य वर, कड टेकलेली: वेटने जमतं. उलटली की तीच रेकॉर्ड वाटीसारखी होते, कड वर आणि मध्य खाली, तिथं वेट ठेवून शून्य उपयोग, कारण मध्य आधीच टेकलेला आहे. या बाजूला क्लॅम्प आणि वॉशरची युक्ती वापरा: स्पिंडलमध्ये रेकॉर्डच्या खाली एक मिमीच्या आतला, दोन-अडीच सेमी व्यासाचा रबरी वॉशर घाला, वर रेकॉर्ड, वर स्पिंडल पकडणारा क्लॅम्प, तो दाबून घट्ट करा. मध्य वॉशरवर उचललेला आणि लेबल भोवतीने दाबलेलं, त्यामुळे कड खाली येते. व्हीपीआय आणि ओरॅकलची मशीनं हेच तंत्र वापरत आली आहेत. नुसत्या वेटने हे होत नाही, स्पिंडलची पकड लागते.

कडेला एकाच जागी लाट आलेली असेल तर वेट, क्लॅम्प दोन्ही हतबल. व्हॅक्यूमने खेचून धरायचा मार्ग होता, लक्समन पीडी-५५५ मध्ये होता, ऑडिओ-टेक्निकाने एटी-६६६ नावाची वेगळी व्हॅक्यूम मॅटच काढली होती, पण त्यांची रबरी सील आता म्हातारी झालीत. अशा रेकॉर्डला सुईचा दाब कार्ट्रिजच्या दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाला ठेवा आणि ऐका.

७८ च्या लाखेच्या तबकड्यांवर वेट किंवा क्लॅम्प अजिबात नको. व्हिनाइल वाकतं, लाख तडकते. वाकलेली जुनी नाट्यगीताची तबकडी दाबून सपाट करायला गेलात तर दोन तुकडे हातात येतील.

ऐकून कसं ठरवायचं

एका वेळी एकच बदल. आवाजाची पातळी तीच, खुर्ची तीच. वाद्यवृंदाच्या गोंगाटात काही कळत नाही, ख्यालाची रेकॉर्ड घ्या ज्यात सुरुवातीला तानपुरा मोकळा ऐकू येतो. तानपुऱ्याचा झंकार लांबत जाताना त्यात धातूची किनार येत असेल तर प्लॅटर वाजतोय. हार्मोनियमचा धरलेला स्वर डुगडुगला तर स्पीड नाहीतर मध्य चुकलाय, मॅटशी संबंध नाही. डग्ग्याची मींड घुमून पसरत असेल तर मॅट फार मऊ आहे किंवा स्पीकरची धडधड टर्नटेबलपर्यंत येतेय.

टिचकीची परीक्षाही घ्या: मोटर बंद, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर, व्हॉल्यूम अगदी कमीपासून सुरू करून हळू वाढवा, आणि रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेजवळ, नंतर प्लॅटरच्या कडेला, नंतर लाकडी चौकटीवर बोटाने हलकी टिचकी. स्पीकरमधून येणारा आवाज कोरडा "ठप" हवा, "टणण" नको. मॅट बदलून, वेट ठेवून, काढून हेच परत. वेट ठेवल्यावर आणि न ठेवता टिचकी सारखीच ऐकू आली तर ते वेट शोकेसमध्ये छान दिसेल. शेवटी स्ट्रोब परत एकदा, आधी लिहून ठेवलेल्या वाचनाशी ताडून.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर कॉर्क आणि चामड्याला बुरशी धरते, ती मॅटवरून थेट खोबणीत जाते. मॅट आठवड्यातून एकदा काढून कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली अर्धा तास उभी ठेवा, आणि ऐकून झाल्यावर रेकॉर्ड मॅटवर तशीच सोडून झोपायला जाऊ नका, ती पाकिटात आणि वेट खाली टेबलावर. वेट रात्रभर प्लॅटरवर राहिलं तर थांबलेल्या बेअरिंगमधलं तेल त्या एका जागेवरून पिळून निघतं. पितळ काळं पडलं तर चिंच लावून घासा, फक्त खालची फेल्टची रिंग भिजू देऊ नका.